बिब्याचं वावर

'दैनिक पूर्णाकाठ'चे मालक-संपादक देवीदासजी यांनी दिवाळीच्या तोंडावर अकोल्याच्या कचेरीत सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, की कागद आता परवडत नाही, यापुढे पेपर फक्त मोबाईलवर निघेल. हे सांगताना वीज गेलेली होती, म्हणून ते त्या दिवशीच्या अंकाची घडी करून स्वतःला वारा घालत होते. मोबाईलवरच्या पेपरनं वारा कसा घालायचा, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात आला. पण नोकरी सगळ्यांनाच हवी होती.

पन्नाशी ओलांडलेल्या बातमीदारांसाठी अमरावतीला प्रशिक्षण ठरलं. राजापेठेत साड्यांच्या दुकानावर एक हॉल होता, तिथे. वेबसाठी बातमी कशी शोधायची, कशी तपासायची, कशी लिहायची, हे शिकायचं. आणि शेवटी प्रत्येकानं स्वतः शोधलेली एक बातमी वेबवर टाकायची. जमली, तर तो माणूस 'वेब प्रतिनिधी' होणार. बातमीवर त्याचं नाव आणि नावाशेजारी गोल फोटो. नाही जमली, तर जाहिरात विभागात बदली. जाहिरात विभाग म्हणजे पुढाऱ्यांच्या दारात जाऊन त्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा त्यांच्याच माणसांकडून गोळा करायच्या.

कमलाकांत खोलापूरकरांना जाहिरातीत जायचं नव्हतं. पण त्याहून जास्त, त्यांना तो गोल फोटो हवा होता. बाळापूरचा वार्ताहर म्हणून ते पेपरात लागले, पुढे अकोल्याला आले, आणि उभ्या नोकरीत त्यांच्या प्रत्येक बातमीवर एकच नाव छापून आलं : 'आमच्या वार्ताहराकडून'. त्यांची बायको साधना वरूडची. तिच्या माहेरी अजूनही दोन-तीन मंडळी अशी होती, की जावई बँकेत आहेत असं समजत होती, आणि कोणी त्यांचा गैरसमज दूर केला नव्हता. कारण बँक ऐकायला बरी वाटते.

शिकवायला अवनी नावाची मुलगी होती. वय सत्तावीस. जन्मानं राजापेठेची, शिक्षणानं पुण्याची. त्यामुळे 'मला' म्हणायचं की 'मले', हे ती समोरचा माणूस पाहून ठरवायची.

"काका, 'संपन्न' हा शब्द आजपासून बंद," तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं.

"काहून?" कमलाकांत म्हणाले.

"तो वेबवर कोणी शोधत नाही. 'बाळापूर येथे सभा उत्साहात संपन्न.' कोण वाचणार?"

"मग सभा झाली हे सांगायचं कसं?"

"झाली म्हणा."

"नुसतं झाली? मंडप होता, मॅडम. हारतुरे होते."

दुसऱ्या दिवशी सूत्रांचा तास होता. अवनीनं त्यांचीच एक जुनी बातमी पडद्यावर लावली आणि विचारलं, "'विश्वसनीय सूत्रांकडून समजते' लिहिलंय. ही सूत्रं म्हणजे नेमकं कोण?"

कमलाकांतांनी खिडकीबाहेर पाहिलं. "बाळापूरच्या स्टँडवर देवमनचं चहाचं दुकान आहे."

"हे एक सूत्र झालं. तुम्ही अनेकवचन लिहिलंय."

"त्याचा भाऊ बाजूलेच पान लावते."

हॉलमध्ये सगळे हसले. कमलाकांतही हसले, कारण वर्गात सगळ्यांची सूत्रं साधारण त्याच दर्जाची होती. कोणाचा चहा होता, कोणाची दाढी-कटिंग.

अवनीचा नियम मात्र साधा होता. ऐकलेलं तपासा, तपासलेलं लिहा, लिहिलेलं पुन्हा वाचा, आणि वाचल्याशिवाय पाठवायचं बटण दाबू नका. कमलाकांतांना पहिले दोन भाग पटले. तिसरा इतरांसाठी असावा असं त्यांना वाटलं. स्वतः लिहिलेलं स्वतःच काय वाचायचं? त्यात काय आहे ते आपल्याला माहीतच असतं.

शेवटच्या बातमीसाठी अवनीनं अट घातली : जे वेबवर आधीपासून कुठेच नाही, असं काहीतरी शोधून आणा. कमलाकांतांनी यावर खरोखर विचार केला. आणि त्यांना सुचलेली गोष्ट चांगली होती, हे मान्य केलं पाहिजे. वऱ्हाडात वावर म्हणजे शेत. आणि पूर्वी प्रत्येक वावराला माणसासारखं नाव असे. चिंचेचं वावर, टेकडीचं वावर, सवतीचं वावर. आता सातबारा मोबाईलवर दिसतो, नकाशा मोबाईलवर दिसतो, पण त्यात फक्त गट क्रमांक असतात. नावं कुठेच नाहीत. ती जुन्या माणसांबरोबर चालली आहेत.

नमुन्यादाखल त्यांनी वरूडजवळच्या शेंदूरजनाघाटच्या दुर्गाबाईंचं वावर निवडलं. त्यांच्या बगीच्यातली संत्री दरसाल साधनाच्या माहेरी येत. त्या शेताचं नाव 'बिब्याचं वावर'. एकेकाळी बांधावर बिब्याचं मोठं झाड होतं. ज्याचं काळं तेल टाचेच्या भेगांना लावतात, तोच बिबा. झाड केव्हाच गेलं, आता तिथे सगळी संत्री आहे. पण नाव टिकून आहे.

वर्गात शिकवल्याप्रमाणे त्यांनी आधी वेबवर शोधून पाहिलं. 'बिब्याचं वावर' असं टाकलं. मोबाईलनं नम्रपणे विचारलं : तुम्हाला 'बिबट्याचा वावर' म्हणायचं आहे का?

"नाही," कमलाकांत मोठ्यानं म्हणाले.

मोबाईलनं तरीही बिबट्याच दाखवले. खरं म्हणजे एवढ्यावरून शहाण्या माणसानं सावध व्हायला हवं होतं. कमलाकांत उलट खूश झाले. वेबवर आपला विषय कुठेच नाही, म्हणजे अट पुरी झाली.

ते शेंदूरजनाघाटला गेले, वावर पाहिलं, दुर्गाबाईंच्या हातचा चहा प्याले, सगळं विचारून घेतलं. परतीच्या बसमध्ये मोर्शीच्या अलीकडे त्यांनी मोबाईल तोंडाजवळ धरला आणि बातमी बोलून लिहायला सुरुवात केली. बोललेलं आपोआप टाईप होतं, ही त्यांना प्रशिक्षणातली सगळ्यात उपयोगी गोष्ट वाटली होती. बस हादरत होती, मागच्या सीटवर लग्नाची बोलणी चालू होती, आणि कमलाकांत मोठ्या आवाजात सांगत होते : "शेंदूरजनाघाटजवळ बिब्याचं वावर अजून आहे, हे गावाबाहेर कोणालाच माहीत नाही. दुर्गाबाई रोज सकाळी बिब्याच्या वावरात एकट्याच जातात. त्यांना त्याची इतकी सवय झाली आहे, की एक दिवस गेलं नाही तर करमत नाही."

मोबाईलनं 'बिब्याचं वावर' हे शब्द जन्मात ऐकले नव्हते. त्यानं आपल्या अकलेनं दुरुस्ती केली. कमलाकांतांनी बटण दाबलं आणि डोळे मिटले.

वेब डेस्कवर श्रेयस होता. तो पुण्यात घरी बसून पूर्णाकाठची पानं लावायचा; पूर्णा नदी नक्की कुठे आहे, हे त्यानं एकदा नकाशावर पाहिलं होतं. त्यानं बातमी वाचली आणि तो ताठ बसला. एकच वाक्य त्याला खटकलं : 'बिबट्याचा वावर दुर्गाबाईंच्या सासऱ्यांनी विकत घेतला होता.' हे असंबद्ध म्हणून त्यानं काढून टाकलं. मग एका जबड्याचा मोठा फोटो लावला आणि मथळा दिला : 'बिबट्याच्या वावरात रोज एकटी जाते ही वाघीण!'

कमलाकांतांनी अकोल्याला पोचल्यावर पान उघडलं, तेव्हा त्यांना फक्त नाव दिसलं. कमलाकांत खोलापूरकर. शेजारी गोल फोटो. जबड्याचा फोटो खाली होता, तिथपर्यंत ते गेलेच नाहीत. त्यांनी लगेच लिंक साधनाच्या माहेरच्या ग्रुपवर टाकली. पाठोपाठ नमस्काराचे हात, टाळ्या आणि एका मेव्हण्याचा प्रश्न आला : 'बँक सोडली का?'

दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या बसमध्ये, मूर्तिजापूर ओलांडताना, दुर्गाबाईंचा फोन आला.

"काय जावईबापू?" आवाज गोड होता. वऱ्हाडात आवाज असा गोड झाला, की समजायचं. "मी रोज बिबट्यापाशी जाऊन राहिली काय?"

"कोणत्या बिबट्यापाशी?"

"तो तुमाले माहीत. तुमीच छापलं ना. मले त्याची सवय झाली म्हणे. एक दिवस नाही भेटला तं करमत नाही म्हणे मले. माह्या सुनेनं वाचून दाखवलं आन् हसून हसून खालीच बसली. मी बी हसली असती. पण तोडणीची माणसं आली नाहीत ना बाप्पा! व्यापारी म्हणते, बिबट्या हाय तं माणसं कसा पाठवू? झाडाखाली संत्रा गळून राहिला. आता तुमीच या टोपली घेऊन."

कमलाकांतांनी तिथेच पान उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची बातमी वाचली.

हॉलमध्ये ते मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. अवनी नेमकी त्या दिवशी माग काढण्याचा तास घेणार होती : एखादी बातमी पसरत असेल, तर ती मुळात निघाली कुठून, हे उलट्या पावलांनी कसं शोधायचं. उदाहरणही तिनं ताजं निवडलं होतं. लेखकाचं नाव तिनं अजून पाहिलेलं नव्हतं. तिच्या हाती आली होती ती पाचव्या-सहाव्या हातातून आलेली बातमी, 'वरूड तालुक्यात नरभक्षक बिबट्याची दहशत'.

"नरभक्षक कधी झाला?" कमलाकांत मागून हळूच म्हणाले.

"तेच शोधायचंय, काका."

वर्ग कामाला लागला. पहिल्या पोर्टलनं दुसऱ्याचा हवाला दिला होता, दुसऱ्यानं तिसऱ्याचा. तिसऱ्यानं 'सूत्रांनुसार' म्हटलं होतं, आणि त्यावर वर्गानं बाळापूरच्या चहाची आठवण काढली. जबड्याचा फोटो आधी कुठे कुठे आला होता ते शोधलं, तेव्हा तो भलत्याच राज्यातल्या जंगलातला आणि बराच जुना निघाला. बिबट्या आता हयात असेल की नाही, हीच शंका होती. एक व्हिडिओ मात्र अस्सल सापडला. शेंदूरजनाघाटचे नत्थुजी, गळ्यात उपरणं, खाली पट्टी : 'प्रत्यक्षदर्शी'.

"मी सोता पाह्यला," नत्थुजी सांगत होते. "एवढा मोठा. माह्याकडं पाह्यलं त्यानं, मी त्याच्याकडं पाह्यलं."

"किती वाजता दिसला?" व्हिडिओतल्या पोरानं विचारलं.

"आधी मोबाईलमंदी वाचलं. मंग दिसला."

वर्ग लोटपोट झाला. अवनीनं डोळे पुसत शेवटची लिंक उघडली. सगळ्यांचा उगम एकच निघाला : दैनिक पूर्णाकाठ. पडद्यावर गोल फोटो आला. तोच चेहरा मागच्या खुर्चीवर होता, फक्त तितका गोल राहिला नव्हता.

हसणं थांबलं. कमलाकांत उभे राहिले.

"मॅडम, मी बिब्याचं म्हटलं होतं."

अवनीला कळायला थोडा वेळ लागला; तिच्यातली पुण्याची बाजू आधी बुचकळ्यात पडली, मग राजापेठेची बाजू जागी झाली. "बिब्याचं वावर!" ती म्हणाली. "अरे देवा. आणि तुम्ही परत वाचलं नाही?"

"नाव वाचलं," कमलाकांत म्हणाले.

त्यांनी हॉलच्या बाहेर जिन्यात उभं राहून देवीदासजींना फोन लावला. पण ते काही बोलण्याच्या आधीच मालकांनी त्यांचं अभिनंदन केलं.

"कमलाकांत, कमाल केली तुमी! आपल्या पेपरात इतके लोक कधी आले नव्हते. आता असं करा, उद्या दुसरा भाग द्या. वाघिणीची मुलाखत. तुमी पास, जाहिरातीचं विसरा."

"साहेब, बिबट्या नाही तिथं."

"नाही म्हणजे? गेला काय?"

"नव्हताच. शब्द चुकला."

मग देवीदासजी समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे पाहा, बिबट्यानं आपलं काय वाकडं केलं? दोन दिवस राहू द्या. आपोआप निघून जाते तो. फारच झालं तं खाली एक ओळ टाकू, 'अनवधानाने चूक झाली.' कोणाच्या अनवधानानं, ते लिहायची आपली पद्धत नाही. तुमचं नाव खराब काहून करता? आत्ता कुठं छापून आलं."

हे शेवटचं वाक्य कमलाकांतांना नेमकं लागलं. जिन्यात उभ्या उभ्या त्यांनी ते बऱ्यापैकी पटवूनही घेतलं. एक ओळ, बारीक अक्षरात, तळाशी. नोकरी राहते, फोटो राहतो, मेव्हण्यांच्या टाळ्या राहतात. खाली साड्यांच्या दुकानात कोणीतरी म्हणत होतं, "रंग जाणार नाही, ताई, गॅरंटी." ते ऐकून ते वर आले आणि अवनीला म्हणाले, "शेंदूरजन्याला जाऊन येतो. एक ओळ पुरते का, पाहतो."

अवनीही बरोबर निघाली. "तुमची शेवटची बातमी मलाच तपासायची आहे, काका. बिबट्यालाही बघून घेऊ."

बिब्याच्या वावरात संत्र्यानं झाडं वाकली होती. तोडणीला एकही माणूस नव्हता. मात्र बांधावर फोटो काढायला आलेली पोरं होती, त्यांना बिबट्याची भीती वाटत नव्हती. जंगलखात्याची माणसं सकाळीच येऊन, जमीन पाहून, पावलं नाहीत असं सांगून गेली होती. पण त्यांचं म्हणणं कोणी मोबाईलवर टाकलं नव्हतं, म्हणून ते गावाच्या लेखी झालंच नव्हतं.

दुर्गाबाईंनी दोघांना खाटेवर बसवलं, चहा दिला, आणि मग कामाचं बोलल्या. "छापा, बिबट्या नाही म्हणून."

"छापणारच," कमलाकांत म्हणाले. "खाली एक ओळ टाकतो."

"खाली?"

"तळाशी. 'अनवधानाने चूक झाली.'"

"हा अनवधान कोन आहे? तुमच्यातलाच काय?"

अवनीनं हसू लपवायला चहाचा पेला तोंडाला लावला आणि तिथेच धरून ठेवला.

"तसं नाही. तशी पद्धत असते."

"जावईबापू, माहं ऐका," दुर्गाबाई म्हणाल्या. "तोडणीची माणसं तळाची ओळ वाचत नाहीत. ते तुमचा फोटो ओळखते. 'त्या गोल फोटोवाल्या साहेबानं लिहिलं' म्हणते. ज्याच्या फोटोनं बिबट्या आला, त्याच्याच फोटोनं गेला पायजे."

एवढ्यात नत्थुजी आले. प्रसिद्धीमुळे त्यांनी उपरणं धुतलेलं होतं. "मॅडम, व्हिडिओ काढता काय? इथंच होता. या झाडाखाली."

"नत्थुजी, बिबट्या नव्हताच," कमलाकांत म्हणाले. "माझी चूक झाली. मी बिब्याचं लिहायला गेलो."

नत्थुजींनी त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. "तुमी लिहिलं नसतं तरी मले दिसला असता."

कमलाकांत खाटेवरून उठले. मग त्यांनी मोबाईल अवनीच्या हातात दिला. "काढा व्हिडिओ. माझा."

अवनीनं विचारलं, "देवीदासजींना सांगितलं?"

"ते पाहतीलच. ते आता मोबाईलवरच पेपर वाचतात."

ते दुर्गाबाईंच्या शेजारी, गळालेल्या संत्र्यांच्या मधोमध उभे राहिले आणि साध्या आवाजात बोलले : माझं नाव कमलाकांत खोलापूरकर. बिबट्याची बातमी माझी. इथे बिबट्या नाही, कधी नव्हता. हे बिब्याचं वावर आहे. मी मोबाईलला सांगितलं एक, त्यानं लिहिलं दुसरं, आणि मी न वाचता पाठवलं. तोडणीच्या माणसांनी बिनधास्त यावं.

"आन् चहा भेटते म्हणा," दुर्गाबाई बाजूनं म्हणाल्या. तेही व्हिडिओत आलं.

परत येताना बसमध्ये त्यांनी मथळा स्वतः टाईप केला. एका बोटानं. 'बि' पासून सुरुवात केली की मोबाईल बिबट्या पुढे करायचा, आणि ते पुसून परत लिहायचे. मोर्शी आली तेव्हा मथळा तयार होता : 'बिबट्या नव्हे, बिबा, चूक माझी'. खाली त्यांनी मूळ बातमी लावली, वावरांच्या नावांची, सासऱ्यांनी विकत घेतल्याच्या वाक्यासकट. सगळं वाचलं. पुन्हा वाचलं. अवनीला वाचायला दिलं. मगच श्रेयसला पाठवलं आणि वर लिहिलं, 'फोटो माझाच लावा. बिबट्याचा नको.'

श्रेयसचा निरोप आला : 'सर, बिबा म्हणजे काय?' त्यालाही त्यांनी तपशीलवार उत्तर दिलं, टाचेच्या भेगांपासून.

दुसऱ्या सकाळी तोडणीची माणसं आली. चहाचं ऐकूनच आली, असं दुर्गाबाईंचं म्हणणं. साधनाच्या माहेरच्या ग्रुपवर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली आणि त्याच मेव्हण्यानं लिहिलं, 'बँकेत असं चाललं नसतं.' गावोगावी तो व्हिडिओ फिरला. लोक हसले, एकमेकांना पाठवत राहिले, आणि त्यातल्या कित्येकांनी आपापल्या वावरांची नावं खाली लिहून पाठवली : भुताचं वावर, मामीचं वावर, चांदूर रेल्वेच्या कोणाचं तर 'कोर्टाचं वावर', कारण त्याचा निकाल अजून लागायचा होता.

देवीदासजींचा फोन दुपारी आला. कमलाकांत जाहिरात विभागाची मानसिक तयारी करून बसले होते. अकोल्यातल्या कोणकोणत्या पुढाऱ्यांचे वाढदिवस जवळ आले आहेत, हे त्यांनी मनात आठवूनही ठेवलं होतं.

"तुमाले मी जाहिरातीत टाकणार होतो," मालक म्हणाले. "मंग विचार केला. तुमी मोबाईलवर बोलून एखाद्याच्या वाढदिवसाची जाहिरात दिली, आन् मोबाईलनं 'शुभेच्छा'च्या जागी 'श्रद्धांजली' लिहिलं, तं तिथं खुलासा चालत नाही. बातमीत चालते. तुमी वेबवरच राहा."

"नाव राहणार?"

"राहणार. तुमचं नाव दिसलं की लोक आता दोनदा वाचतात. पहिल्यांदा बातमी, आन् दुसऱ्यांदा चूक शोधाले."

अवनीनं त्यांच्या कामावर शेरा दिला : उत्तीर्ण. खाली लिहिलं : 'काका, प्रशिक्षण उत्साहात संपन्न.'

कमलाकांतांनी पान उघडून खाली आलेले अभिप्राय वाचायला घेतले; आता ते सगळंच वाचत होते. सगळ्यात वर, कोणीतरी टाईप करून दिलेला, एक होता :

'बिबट्या होता. मी सोता पाह्यला. नत्थुजी, प्रत्यक्षदर्शी, शेंदूरजनाघाट.'

त्याला सर्वाधिक पसंती मिळाली होती.